नऊ हात दावं

सहाला निघालो. पिकअप शेवटच्या वळणावर सोडली,
जिथे बकऱ्या गाड्यांचे वायपर चाटत उभ्या असतात.
खालाच्या पिशवीत खजूर, कॉफीचा थर्मास, एक संत्रं
आणि गुडघ्याचं तेल. बाटलीवर काय लिहिलंय
ते तिला वाचता येत नाही, ती वासावर ओळखते.
मी निझवाच्या शाळेत भूगोल शिकवते.
"वाट माझ्या पायांना ठाऊक आहे," ती म्हणाली,
"तू नुसतं पाणी धर."

वाट म्हणजे कड्याच्या पोटावर ओढलेली एक रेघ.
डावीकडे दगड. उजवीकडे काहीच नाही.
हे काहीच नाही बघायला
लोक विमानाने येतात.

दोन जर्मन भेटले, उन्हाने लालबुंद.
अजून किती लांब, त्यांनी विचारलं.
मी सांगणार तोवर खाला अरबीतच बोलून गेली,
"एका संत्र्याएवढं."
त्यांनी मान डोलावली. मीही.

मग ऊन आलं.
आधी पलीकडच्या कड्यावर, वरून खाली,
कुणी सतरंजी उलगडत यावी तसं,
आणि दहाच्या सुमाराला आमच्या मानेवर.
रानऑलिव्हच्या बोटभर सावलीत
खालाने गुडघ्याला तेल चोळलं
आणि गुडघ्यालाच म्हणाली, "चल रे, घरी जायचंय."

तेव्हा एक गिधाड आमच्या खालून गेलं.
माणसाला पक्ष्याचं पोट दिसतं जन्मभर,
इथे पाठ दिसली.
पांढरी, किंचित मळकी,
वाळत घातलेल्या सदऱ्यासारखी.

गाव आलं तेव्हा ते गाव आहे हे मला कळलंच नाही.
कड्याच्या छपराखाली दगडावर दगड,
चुलीची काजळी अजून ओली वाटावी इतकी काळी,
पायऱ्यापायऱ्यांची शेतं, ज्यांत आता फक्त वारा पिकतो.
आणि समोर तो देखावा, ज्याचे फोटो
मस्कतच्या विमानतळावर भिंतभर लावलेत.

जर्मन आधीच पोचले होते.
कडेला पाय सोडून बसले होते,
कॅमेऱ्याला डोळा लावून.

खालाने देखाव्याकडे पाठ केली.
भिंतीवर हात फिरवत गेली एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत,
आंधळ्याने चेहरा चाचपावा तशी.
तिसऱ्या दाराच्या उंबऱ्याशी थांबली.
दगडाला एक भोक होतं, अंगठा जाईल एवढं,
आतून गुळगुळीत झालेलं.

"हे माझं," ती म्हणाली.

बकरीच्या केसांचं दावं. कमरेला गाठ, मागच्या बाजूला,
पोराच्या हाताला सापडू नये म्हणून.
आई खाली पाणी आणायला जायची तेव्हा
दारादारात आम्ही बांधलेले,
कुणी रडतंय, कुणी माती खातंय.
माझ्या आधी एक हारिब होता.
त्याच्यानंतर दावी आली.
एवढंच बोलली.
कोण हारिब, ते मी विचारलं नाही.
आजीच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

संत्रं सोललं. साल पिशवीत ठेवली.
मी म्हटलं, "खाला, एवढ्या लांब आलीस,
एकदा खाली बघ तरी."

ती उठली. उंबऱ्यावरून निघाली,
मागे न बघता, सरळ दरीच्या दिशेने,
आणि मधेच थांबली.
तिथे काही नव्हतं. ना खडक, ना भेग.
कडा अजून पाच पावलं पुढे होता.
तिचा हात कमरेच्या मागे गेला,
जरा चाचपडला, परत आला.

"इथून," ती म्हणाली, "समोरचा अर्धा डोंगर दिसायचा.
मला वाटायचं, डोंगर एवढाच असतो."

जर्मन मुलीने तिला हात केला, या ना, इकडे या.
खाला हसली, तिथूनच.

परतीच्या वाटेवर ती पुढे चालली होती,
मी पाणी धरून मागे.
भूगोलाच्या तासाला मी या दरीची खोली सांगते,
मीटरमध्ये, फळ्यावर.
उद्यापासून काय सांगू
ते अजून ठरलेलं नाही.